प्रोसेसरवर छापलेला वेग नेमका कोणाचा?

ऑगस्ट १९९८मध्ये इंटेल कंपनीने डेस्कटॉप संगणकांसाठी जे प्रोसेसर बाजारात आणले, त्यांत दोघांची जोडी पुढे फार गाजली. एक होता पेंटियम टू; वेग ४५० मेगाहर्ट्‌झ, घाऊक किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए; वेग ३०० मेगाहर्ट्‌झ, किंमत १४९ डॉलर. पहिला पैसेवाल्यांसाठी आणि दुसरा घरगुती वापरासाठी, अशी सरळ विभागणी होती. पण थोड्याच दिवसांत हौशी मंडळींच्या लक्षात आले, की मदरबोर्डवरची एकच सेटिंग बदलून ६६ मेगाहर्ट्‌झची बस १०० मेगाहर्ट्‌झवर नेली, की हा स्वस्तातला सेलेरॉन थेट ४५० मेगाहर्ट्‌झवर चालू लागतो. तेही डब्यात आलेल्या साध्या पंख्यावर, तासन्‌तास. बऱ्याच कामांत तो चौपटीहून महाग असलेल्या थोरल्या भावाच्या तोडीस तोड उतरत होता.

सगळे सेलेरॉन मात्र असे नव्हते. काही ४५०वर मजेत चालत, काहींना थोडे जास्त व्होल्टेज पाजावे लागे, तर काही विंडोज सुरू होता होताच मान टाकत. त्यामुळे जाणकार गिऱ्हाईक दुकानात जाऊन ‘सेलेरॉन द्या’ म्हणत नसे. प्रोसेसर हातात घेऊन त्यावरचे बारीक अक्षरांतले आकडे वाचत असे. कोणत्या आठवड्यात बनला, कोणत्या देशातून आला, कोणत्या खेपेतला आहे, हे पाहून मगच पैसे मोजत असे. आपल्याकडे हापूसची पेटी घेताना रत्नागिरीची की देवगडची, असे विचारून वर एक आंबा हुंगून पाहतात, तसाच हा प्रकार.

आंब्याचे ठीक आहे, तो झाडाला लागतो. पण प्रोसेसर तर एकाच आराखड्यावरून, जगातल्या सर्वांत काटेकोर कारखान्यांत बनतो. मग एक ४५०वर पळतो आणि त्याचा जुळा भाऊ धापा टाकतो, हे कसे?

त्यासाठी आधी वेग म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसरमधले सगळे ट्रान्झिस्टर एका ठोक्यावर काम करतात. त्या सेलेरॉनमध्ये ते १ कोटी ९० लाख होते, आजच्या प्रोसेसरमध्ये अब्जावधी आहेत. मदरबोर्डवरच्या क्वार्ट्‌झच्या स्फटिकापासून एक मूळ ठोका तयार होतो आणि प्रोसेसर त्याला एका ठरावीक संख्येने गुणून आपला वेग ठरवतो. सेलेरॉन ३००एचा गुणक साडेचार होता. ६६ आणि दोन तृतीयांश गुणिले साडेचार म्हणजे ३००, आणि १०० गुणिले साडेचार म्हणजे ४५०. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे मुळात एवढेच, हा गुणाकार फिरवणे.

पण ठोका वाढवला म्हणून काम वेगाने होईलच असे नाही. गणपतीतले ढोल-ताशा पथक आठवा. ताशा लय धरतो आणि ढोलवाल्यांना ती गाठावी लागते. ताशेवाल्याने लय चढवत नेली, की पन्नास ढोलांपैकी एकोणपन्नास जण कदाचित साथ देतील. पण एकाचा हात मागे पडला तरी ठेका फुटतो. पथकाची खरी गती म्हणजे त्या सर्वांत मंद हाताची गती. प्रोसेसरमध्येही प्रत्येक ठोक्याला विजेचे संकेत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, अनेक ट्रान्झिस्टरांतून वाट काढत जातात. ३ गिगाहर्ट्‌झ वेगाला दोन ठोक्यांमधला अवधी इतका तोकडा असतो, की तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम दहा सेंटिमीटर जातो. सर्वांत लांबच्या वाटेवरचा संकेत पुढच्या ठोक्याआधी पोहोचला नाही, तर तिथे १च्या जागी ० नोंदला जातो. प्रोसेसर जळत नाही, धूर निघत नाही. फक्त उत्तर चुकते. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

भट्टी एक, विटा अनेक

प्रोसेसर एकेकटे बनत नाहीत. सिलिकॉनच्या गोल, आरशासारख्या चकतीवर ते शेकड्यांनी एकदम घडवले जातात. या चकतीला वेफर म्हणतात आणि तिच्यावरच्या एकेका तुकड्याला चिप. (हे दोन्ही शब्द आपल्याकडे बटाट्यालाच जास्त शोभतात, पण त्याला इलाज नाही.) आजची नेहमीची चकती ३०० मिलिमीटर व्यासाची असते. अशा पंचवीस चकत्या एका बंद डब्यातून कारखान्यात फिरतात आणि शेकडो प्रक्रियांतून बाहेर पडायला साधारण तीन महिने लागतात. थर चढवणे, प्रकाशाने नक्षी उमटवणे, आम्लांनी किंवा वायूंनी कोरणे, अशुद्धीचे अणू घुसवणे, घासून सपाट करणे आणि पुन्हा पहिल्यापासून.

यातली कोणतीच पायरी चकतीभर अगदी सारखी होत नाही. वीटभट्टीत मधल्या विटा खणखणीत भाजतात आणि कडेच्या कच्च्या राहतात, तसा इथेही मध्यभागात आणि कडेला फरक पडतो. तापमान, वायूचा प्रवाह, थराची जाडी, प्रकाशाचा फोकस, सगळ्यांत किंचित उन्नीस-बीस. हा फरक माणसाच्या मोजमापात नगण्य असतो, पण ट्रान्झिस्टरच्या मोजमापात नसतो. त्याच्या आतल्या वाटेची लांबी एक-दोन नॅनोमीटरने कमी झाली तरी तो जास्त चपळ होतो. शिवाय त्यात मिसळलेल्या अशुद्धीच्या अणूंची संख्या लहान ट्रान्झिस्टरमध्ये इतकी थोडी असते, की पाच-दहा अणू इकडे-तिकडे झाले तरी स्वभाव बदलतो. हे अणू कुठे जाऊन बसतील ते कोणीच ठरवू शकत नाही. तिथे खरोखरच नशिबाचा भाग असतो. म्हणूनच हौशी मंडळींनी या साऱ्याला ‘सिलिकॉनची लॉटरी’ असे नाव ठेवले.

हा फरक किती मोठा असावा? मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकून पुढे इंटेलमध्ये संशोधन केलेले शेखर बोरकर आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली एका निबंधात १८० नॅनोमीटर तंत्रातल्या प्रोसेसरांची मोजणी मांडली. वेगातला फरक सुमारे ३० टक्के भरला, आणि निव्वळ गळून वाया जाणाऱ्या विजेतला फरक तब्बल २० पट. एकाच आराखड्याचे प्रोसेसर! शिवाय यात एक गंमत आहे. सर्वांत चपळ चिपा बहुधा सर्वांत जास्त गळक्याही असतात, कारण ट्रान्झिस्टर लवकर उघडतो तो नीट बंदही होत नाही. नळाचा वॉशर सैल असला की तोटी हलकी फिरते, पण थेंब थेंब गळत राहतो, तसे. त्यामुळे ‘चांगली’ चिप कोणती, याचे उत्तर काम कोणते यावर ठरते. लॅपटॉपला कमी गळणारी हवी, शर्यतीला चपळ हवी.

खेप, म्हणजे बॅच, इथे महत्त्वाची ठरते. चकलीचा पहिला घाणा आणि पाचवा घाणा सारखा उतरत नाही, तेलाचा अंदाज हळूहळू येतो. कारखान्याचेही तेच. नवा प्रोसेसर बाजारात येतो तेव्हा प्रक्रिया नवखी असते. अभियंते आठवड्यागणिक तिची बारीकसारीक दुरुस्ती करतात आणि सहा-आठ महिन्यांनी त्याच नावाचा, त्याच किमतीचा प्रोसेसर कमी व्होल्टेजवर जास्त पळू लागतो. कधी आराखड्यातही छोटी सुधारणा होते, तिला स्टेपिंग म्हणतात. इंटेलचा चार गाभ्यांचा क्यू६६०० हा त्याचा प्रसिद्ध नमुना. जानेवारी २००७मध्ये आलेला बी-थ्री स्टेपिंगचा प्रोसेसर १०५ वॉट उष्णतेच्या हिशेबाने विकला जाई. त्याच वर्षी जुलैत आलेला जी-झीरो ९५ वॉटच्या हिशेबाने. नाव तेच, वेग तोच, २.४ गिगाहर्ट्‌झ. पण जी-झीरोला ३ गिगाहर्ट्‌झवर नेणे म्हणजे त्या काळी हातचा मळ होता. दुकानदारांनाही हे कळले आणि काही ठिकाणी डब्यावरचा कोड पाहून भाव ठरू लागले.

हे कोड वाचायचे कसे, याचे एक शास्त्रच तयार झाले. इंटेलच्या खेपेच्या कोडात पहिले अक्षर कारखान्याचे, दुसरा अंक वर्षाचा, पुढचे दोन आठवड्याचे. एएमडीच्या चिपांवर पाच अक्षरी जुडगे असे आणि त्यापुढे वर्ष व आठवडा. २००३च्या सुमारास अ‍ॅथलॉन एक्सपी १७००+ या स्वस्त प्रोसेसरवर ‘जेआययूएचबी’ ही अक्षरे दिसली, की लोक त्यावर उड्या मारत. १.४७ गिगाहर्ट्‌झचा तो प्रोसेसर चांगल्या थंडाव्यात २.२ गिगाहर्ट्‌झच्या पुढे जात असे.

या शास्त्रात भाबडेपणाही बराच होता. ‘मलेशियाचा घ्या, कोस्टा रिकाचा नको’ किंवा नेमके उलट, असे सल्ले छातीठोकपणे दिले जात. पण मलेशिया आणि कोस्टा रिका इथे इंटेलच्या चिपा घडत नव्हत्या, तिथे त्यांची जोडणी आणि चाचणी होई. सिलिकॉनची चकती अमेरिका, आयर्लंड किंवा इस्रायलमधल्या कारखान्यांत भाजून निघालेली असे. म्हणजे अक्षर सांगत होते ते पेटी भरल्याचे गाव, बागेचे नव्हे. आठवड्याचा आकडा मात्र थोडाफार उपयोगाचा होता, कारण त्यावरून प्रक्रिया किती मुरली आहे त्याचा अंदाज येई. बाकी पाच-दहा जणांच्या अनुभवावरून ठोकलेली अनुमानेच जास्त होती. ज्यांचा प्रोसेसर चांगला निघाला ते बोलले, ज्यांचा रडका निघाला त्यांतले बरेचसे गप्प राहिले.

शिंप्याची माया

मग कंपनी वेग ठरवते कसा? प्रत्येक चिप तपासली जाते आणि तिची प्रतवारी होते. जी अव्वल वेगावर टिकते तिच्यावर महाग आकडा छापतात, जी टिकत नाही तिच्यावर खालचा. पण काठावर पास झालेला आकडा कोणी छापत नाही. शिंपी कपडा शिवताना शिवणीत थोडी माया सोडतो, तशी कंपनीही माया सोडते. हा संगणक कुठे जाईल ते तिला माहीत नसते. नॉर्वेत जाईल किंवा चंद्रपुरात. पंख्यात धूळ साचेल, पॉवर सप्लाय हलका असेल, पाच वर्षांनी ट्रान्झिस्टर म्हातारे होतील. या सगळ्यांतूनही बेरीज बरोबर आलीच पाहिजे. म्हणून प्रोसेसरवर छापलेला वेग हे त्या चिपचे मोजमाप नसते. त्या नावाच्या सर्वांत दुबळ्या भावंडालाही, सर्वांत वाईट परिस्थितीत झेपेल, असे ते वचन असते.

ओव्हरक्लॉकर ही माया उसवतो.

त्यात बाजाराचाही हात असतो. प्रक्रिया मुरली की बहुतेक चिपा अव्वल निघू लागतात, पण महाग प्रोसेसर घेणारे थोडे आणि स्वस्त घेणारे पुष्कळ. मग कंपनी चांगल्या चिपांवरच खालचा आकडा छापून त्या स्वस्तात विकते. सेलेरॉन ३००एचे रहस्य बरेचसे हेच होते. त्याच तंत्रातल्या त्याच्या भावंडांना ४५० अगदी सहज झेपत होते. २००९च्या सुमारास तर एएमडीच्या दोन आणि तीन गाभ्यांच्या काही फेनॉम प्रोसेसरांत उरलेले गाभे नुसते बंद करून ठेवलेले असत आणि योग्य मदरबोर्डवर ते चालू करता येत. कुणाचे धडधाकट निघत, कुणाचे खरोखरच सदोष. तीही लॉटरीच.

हीच फट लबाडांनाही दिसली. नव्वदच्या दशकात प्रोसेसरवरचा मूळ छाप घासून त्यावर मोठा आकडा छापून विकण्याचा धंदा जगभर चालला. त्याला आळा घालायला कंपन्यांनी गुणक कुलूपबंद केला. म्हणून तर सेलेरॉनवाल्यांना गुणकाऐवजी बसचा वेग वाढवावा लागला. ज्यांच्या मदरबोर्डवर ती सोय नव्हती, ते प्रोसेसरच्या पट्टीवरची बी२१ नावाची एक पिन चिकटपट्टीने झाकत. पुढे २०००च्या सुमारास एएमडीच्या प्रोसेसरवर तुटक ठेवलेल्या सोनेरी रेघा साध्या शिसपेन्सिलीने जोडून कुलूप उघडता येई. पेन्सिलीतले ग्रॅफाइट वीज वाहून नेते, एवढ्या शालेय ज्ञानावर.

माया उसवण्याची किंमत काय? पहिली किंमत उष्णता. वापरली जाणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के चढवले, तर वीज सुमारे ४५ टक्के जास्त लागते आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. पंखा कितीही भारी असला तरी तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत जी सेटिंग पक्की वाटली, तीच मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत प्रोसेसरला साधारण २० अंश जास्त तापवते. थंड देशातल्या कोणाचे आकडे पाहून नागपुरात तेच लावायचे, हा म्हणूनच चुकीचा हिशेब आहे. दुसरी किंमत आयुष्य. जास्त तापमानात आणि जास्त विद्युतप्रवाहात चिपमधल्या धातूच्या तारांचे अणू हळूहळू वाहून जातात, तारा कृश होतात, ट्रान्झिस्टर मंदावतात. आज ४.८ गिगाहर्ट्‌झला टिकणारा प्रोसेसर दोन वर्षांनी ४.६ला कुरकुरू लागतो.

तिसरी किंमत सर्वांत फसवी, आणि माझ्या मते तिची चर्चा सर्वांत कमी होते. ती म्हणजे गुपचूप चुकलेले उत्तर. २००५ साली मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी एक अनुभव मांडला होता. जगभरातून येणाऱ्या विंडोजच्या बिघाड-अहवालांत काही अहवाल अशक्य कोटीतले होते. जी आज्ञा चुकूच शकत नाही, उदाहरणार्थ एक कप्पा शून्य करणे, तिथेच संगणक कोसळलेला. संबंधितांना विचारल्यावर काहींनी ओव्हरक्लॉकिंगची कबुली दिली. काहींना मात्र तो शब्दच ठाऊक नव्हता. त्यांना दुकानदाराने आधीच ताणलेला संगणक न सांगता विकला होता.

२०११मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या अहवालांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ महिन्यांच्या काळात एका कंपनीचे ओव्हरक्लॉक केलेले प्रोसेसर, न केलेल्यांपेक्षा जवळपास २० पट अधिक वेळा संगणक पाडत होते. दुसऱ्या कंपनीचे चार पटींहून अधिक. कंपन्यांची नावे त्यांनी झाकून ठेवली. छापील वेगापेक्षा हळू चालवलेले संगणक मात्र नेहमीच्या संगणकांहूनही भरवशाचे ठरले. हे अहवाल कोसळलेल्या संगणकांचे होते. संगणक न कोसळता एखाद्या हिशेबाच्या तक्त्यातला आकडा बदलला किंवा मुलाच्या बारशाच्या फोटोची फाइल खराब झाली, तर त्याचा अहवाल कुठेच जात नाही.

कारखान्याच्या चाळणीतूनही अशा चिपा निसटतात. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१मध्ये आपल्या डेटा सेंटरमधला एक किस्सा प्रसिद्ध केला. एका प्रोसेसरचा एक गाभा १.१चा ५३वा घात काढून त्याचा पूर्णांक शून्य आहे असे सांगत होता. खरे उत्तर १५६. बाकीची गणिते बरोबर, बाकीचे गाभे धडधाकट. त्या एका शून्यामुळे फाइलींचा आकार शून्य समजला जात होता आणि त्या गायब होत होत्या. त्याच वर्षी गूगलच्या मंडळींनीही काही हजार यंत्रांमागे असे काही लहरी गाभे सापडतात, असे लिहिले. ही यंत्रे कोणी ओव्हरक्लॉक केलेली नव्हती. माया असतानाही जर ही गत, तर माया उसवल्यावर काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

कंपनीच उसवते तेव्हा

माया उसवण्याचा मोह फक्त हौशी पोरांनाच होतो असे नाही. २००० साली इंटेल आणि एएमडी यांच्यात गिगाहर्ट्‌झची शर्यत ऐन भरात होती. जुलैअखेर इंटेलने १.१३ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम थ्री जाहीर केला. परीक्षणासाठी तो हाती आलेल्या काही तंत्र-पत्रकारांच्या लक्षात आले, की काही कामांत, विशेषतः लिनक्सचा गाभा संकलित करताना, तो अडखळतो. ऑगस्ट संपायच्या आत इंटेलला तो परत घ्यावा लागला. आराखडा तेवढ्या वेगाला पोहोचत नव्हता आणि छाप मात्र मारून झाला होता.

पुढच्या काळात ही उसवणी राजरोस आणि स्वयंचलित झाली. २००८पासून इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत टर्बो बूस्ट आले. प्रोसेसर थंड असेल, काम एक-दोन गाभ्यांवरच असेल, तर तो आपणहून वेग वाढवतो. आता तर एकाच चिपमधल्या गाभ्यांत कोणता अधिक चपळ ते कारखान्यातच नोंदवून ठेवतात आणि जड काम त्याच्याकडे वळवतात. लॉटरी संपलेली नाही. तिची तिकिटे आता कंपनीच फाडते आणि बक्षीस आपल्याला ‘कमाल वेग’ म्हणून डब्यावर छापून देते. टेक्सासमध्ये ‘सिलिकॉन लॉटरी’ याच नावाची एक छोटी कंपनी २०१४पासून प्रोसेसर तपासून, निवडून, चांगले ते जास्त भावाने विकत असे. २०२१मध्ये तिने दुकान बंद केले. ओव्हरक्लॉकिंगमधून मिळणारा लाभच आटत गेला होता. द्रव हेलियम ओतून ९ गिगाहर्ट्‌झ गाठणारे विक्रमवीर आजही आहेत, पण ती मोटारींच्या शर्यतीसारखी गोष्ट झाली. त्या गाडीतून कोणी भाजी आणायला जात नाही.

माया कमी राहिली की काय होते, ते २०२४मध्ये दिसले. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांवर, विशेषतः वरच्या आय९ श्रेणीत, गेम अचानक बंद पडू लागले. संदेश यायचा ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी असल्याचा, त्यामुळे लोक आधी ग्राफिक्स कार्डालाच दोष देत राहिले. आधी बोट दाखवले गेले ते मदरबोर्ड कंपन्यांकडे. इंटेलने शिफारस केलेल्या मर्यादा बाजूला सारून त्यांचे बोर्ड मूळ सेटिंगमध्येच प्रोसेसरला भरमसाट वीज पाजत होते. म्हणजे मालकाने काहीही न करता यंत्र ताणलेले! पण दोष तेवढाच नव्हता. इंटेलच्या स्वतःच्या मायक्रोकोडमधली गणना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती, हे जुलैत कंपनीने मान्य केले. सप्टेंबरमध्ये मूळ कारण जाहीर झाले. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेमुळे गाभ्यातला ठोका पोहोचवणारा भागच अकाली म्हातारा होत होता. आपल्या उपमेत सांगायचे, तर ढोलवाले नव्हे, खुद्द ताशेवालाच लय चुकू लागला.

खेपेचा जुना प्रश्नही इथे पुन्हा डोके वर काढून गेला. १३व्या पिढीच्या सुरुवातीच्या काही प्रोसेसरांत, थरांना जोडणाऱ्या सूक्ष्म धातूच्या खुंट्यांना ऑक्सिडेशन झाल्याचे इंटेलने कबूल केले आणि उत्पादनातला तो दोष २०२३मध्ये दूर केल्याचे सांगितले. लोक पुन्हा एकदा डब्यावरचे आकडे वाचू लागले. पंचवीस वर्षांपूर्वी चांगली खेप शोधण्यासाठी वाचत होते, आता वाईट खेप टाळण्यासाठी. पण व्होल्टेजचा मोठा दोष खेपेचा नव्हताच, तो ६५ वॉट आणि त्यावरच्या बहुतेक सगळ्या मॉडेलांना लागू होता. कोड वाचून त्यातून सुटका नव्हती.

इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४मध्ये दुरुस्त मायक्रोकोड दिले, ते मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून येतात. डबाबंद प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षे केली. मात्र अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली झीज भरून येत नाही. हे प्रोसेसर आता जुन्या संगणकांच्या बाजारात येऊ लागतील. लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीतल्या कोणाकडून असा संगणक स्वस्तात मिळत असेल, तर बायोस कधी अपडेट केला ते आधी विचारावे, प्रोसेसरचा मूळ डबा आणि बिल मागावे, आणि तो निदान तासभर पूर्ण भारावर चालवून पाहावा. शक्य असेल तर भर दुपारी, एसी बंद ठेवून.